सहाच्या हिशेबातले फूल

बारामती तालुका म्हटला की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊस, द्राक्षे आणि पाटाचे पाणी उभे राहते. सुपे त्या चित्रात बसत नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी ज्या गावांना लाभले ती बागायती झाली. सुपे आणि त्याच्या भोवतालचा पट्टा जिरायतच राहिला. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याच्या जोडीने ज्या परगण्याचे नाव घेतले जाई तो हाच. पण इतिहासाने दिलेला मान आभाळाने कधी मानला नाही. जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेचे आवर्तन केव्हा सुटणार, हा प्रश्न येथील माणसांच्या बोलण्यात ऋतुमानासारखाच येतो. वैशाखात जेथे हंडे मोजून पाणी वापरायचे, तेथे अंगणातल्या तुळशीच्या वाट्याला भाजी धुतलेले पाणी येते आणि खिडकीतल्या शोभेच्या कुंडीला तेही उरत नाही. हौस मात्र पाण्यावाचून सुकत नाही. म्हणूनच अशा घरांत क्रोशाच्या सुईने विणलेली फुलाची कुंडी पाहिली, की ती तिथे फार शोभून दिसते.

ही कुंडी पाहण्याची जागा म्हणजे प्रामुख्याने रुखवत. लग्नाच्या मांडवात एका बाजूला लांब टेबलावर जे रुखवत मांडले जाते, त्यात साखरेचे आणि सुपारीचे प्रकार, मण्यांची तोरणे, भरतकामाचे रुमाल यांच्या रांगेत विणलेली फुले हमखास असतात. एके काळी ती मुलीच्या आजीने, काकीने, मावशीने आणि स्वतः मुलीने विणलेली असत. रेडिओवरचा रुमाल, पाण्याच्या तांब्यावरची मणी लावलेली जाळी, दारावरचे तोरण हे सारे त्याच सुईचे. आता रुखवत तयार मिळते, भाड्यानेही मिळते. तरीही अलीकडे तरुण मुली पुन्हा ही सुई हातात घेऊ लागल्या आहेत. बहुतेक जणी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहून विणतात. पडद्यावरचा हात थांबला की यांचाही हात थांबतो. नमुना पाठ होतो, पण दोरा थोडा जाड निघाला किंवा कुंडी थोडी मोठी हवी असली की काय करावे ते सुचत नाही. वास्तविक या साऱ्या कामामागे एकच हिशेब आहे. तो ध्यानात आला तर नमुन्याची गरज उरत नाही.

तो हिशेब पाहण्यापूर्वी या सुईचे कुळ थोडे पाहिले पाहिजे, कारण तिचे आणि दुष्काळाचे नाते जुने आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने बुडत गेले आणि लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्या वर्षांत तेथील मठांतून आणि शाळांतून गरीब स्त्रियांना क्रोशाची जाळी विणायला शिकवण्यात आले. सुई एक, दोऱ्याचे रीळ एक. माग नको, जागा नको, भांडवल नको. गुलाब, पाने, द्राक्षांचे घोस असे सुटे सुटे विणायचे आणि मागाहून जाळीने जोडायचे, ही त्यांची रीत. एकेका घरात एकेक प्रकार विणला जाई. एका घरी नुसते गुलाब, दुसऱ्या घरी नुसती पाने. त्या विक्रीवर कित्येक कुटुंबे तगली. आज आपण क्रोशाचे जे फूल म्हणतो, त्याच्या कितीतरी घडणी त्या उपासमारीच्या काळातून आलेल्या आहेत.

हिंदुस्थानात ही कला मुख्यतः एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्त्रियांच्या बरोबर आली. आंध्रातील गोदावरीच्या मुखाजवळचे नरसापूर हे तिचे सर्वांत मोठे ठाणे झाले. महाराष्ट्रात मुलींच्या शाळांतून शिवण आणि भरतकामाच्या तासांना ती रुळली आणि तेथून घराघरांत गेली. सुप्याच्या उत्तरेला दौंड तालुक्यातील केडगाव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर पंडिता रमाबाईंनी तेथे उभारलेल्या मुक्ती सदनात निराधार स्त्रियांना शिवण, विणकाम, छपाई असे हातचे उद्योग शिकवले जात. हाताला काम असेल तर माणसाला हात पसरावा लागत नाही, हा विचार या मुलखाला नवा नाही. दुष्काळाने तो वारंवार शिकवला आहे.

आता साहित्य. नवशिक्या भगिनींची पहिली निराशा येथेच होते. घरात आजीची पोलादी सुई सापडते, हौसेने तीच हातात घेतली जाते, आणि ती इतकी बारीक असते की टाका दिसतच नाही. ती सुई रुमालाच्या बारीक दोऱ्यासाठी आहे. कुंडीसाठी तीन मिलिमीटरची सुई आणि तिला साजेसा मध्यम जाडीचा सुती दोरा घ्यावा. दोऱ्याच्या गुंडीवरील कागदावर कोणत्या क्रमांकाची सुई वापरावी हे छापलेले असते, ते वाचावे. बाजारात ज्याला सर्रास ‘लोकर’ म्हटले जाते ती बहुधा लोकर नसतेच. ते ॲक्रिलिक असते, म्हणजे एक प्रकारचे प्लॅस्टिक. त्यात मेंढीचा केस नाही हे खरे, परंतु ते मातीत मिसळत नाही आणि घासले गेल्यावर त्यावर केसाळ गोळ्या येतात. सुती दोरा थोडा महाग पडतो आणि हाताला थोडा ताठ लागतो. टाका मात्र त्यावर स्वच्छ उमटतो. शिकणाऱ्याला टाका दिसणे हे सर्वांत महत्त्वाचे. म्हणून पहिल्या कामासाठी काळा किंवा गडद निळा दोरा टाळावा; संध्याकाळच्या उजेडात त्यातले टाके मोजणे अनुभवी हातालाही जमत नाही.

रंग पाच लागतात. कुंडीसाठी विटकरी, मातीसाठी गडद तपकिरी, देठ-पानांसाठी हिरवा, पाकळ्यांसाठी पिवळा आणि फुलाच्या मध्यासाठी केशरी. पिवळा सुचवण्याचे कारण सुप्याच्या माळावर आहे. चिंकारांसाठी १९९७ मध्ये राखलेले मयूरेश्वर अभयारण्य गावाला लागूनच आहे; अवघे पाच चौरस किलोमीटरचे. तेथे आणि भोवतालच्या माळरानावर, जेथे दुसरे काही हिरवे राहत नाही तेथे, तरवड पिवळ्याधमक फुलांनी बहरतो. पाण्यावाचून फुलणाऱ्या फुलाचा रंग पाण्यावाचून राहणाऱ्या कुंडीला द्यावा, हे उचितच.

टाके तीनच यावे लागतात. पहिला साखळी, जो सर्वांना येतो. दुसरा मुका खांब: सुई टाक्यात घालून दोरा वर ओढावा, सुईवर दोन फास दिसतील, पुन्हा दोरा घेऊन तो दोन्हींतून एकदम काढावा. तिसरा खांब: सुई घालण्यापूर्वीच तिच्यावर एक वेढा घ्यावा, मग दोरा वर ओढला की सुईवर तीन फास होतात, ते दोन-दोन करून सोडवावेत. मुका खांब जेवढा रुंद, साधारण तेवढाच उंच असतो; खांब त्याच्या सुमारे दुप्पट उंच. सगळा हिशेब या उंचीवर उभा आहे.

कुंडीचा तळ गोल आहे, म्हणून काम मध्यापासून सुरू होते. दोन साखळ्या घालून पहिल्या साखळीत सहा मुके खांब विणावेत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन विणले की बारा होतात. तिसऱ्या फेरीत एक साधा, एका टाक्यात दोन, असे करत अठरा. चौथीत दोन साधे आणि एका टाक्यात दोन, म्हणजे चोवीस. पाचवीत तीस. प्रत्येक फेरीत सहाच वाढतात. का? पाच का नाहीत, आठ का नाहीत? विणणाऱ्या शंभर जणींपैकी नव्वद जणी हे विचारत नाहीत, आणि शिकवणाऱ्याही सांगत नाहीत.

उत्तर वर्तुळात आहे. एक फेरी पुरी झाली की तबकडी चहूबाजूंनी एका टाक्याने रुंदावते. म्हणजे तिचा व्यास दोन टाक्यांनी वाढतो, एक या बाजूला, एक त्या बाजूला. परीघ हा व्यासाच्या तिपटीहून किंचित अधिक असतो. तेव्हा व्यास दोनाने वाढला तर परीघ सहाने आणि वर थोडा वाढला पाहिजे. तो ‘वर थोडा’ किती, याचा विचार जैन गणितज्ञांनी फार पूर्वी केलेला आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ मध्ये तो हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला, त्यामुळे तो आपल्या मुलखातील वाचकालाही दूरचा नाही. त्यात वर्तुळाच्या परिघाच्या दोन रीती दिलेल्या आहेत. स्थूल रीत: व्यासाची तिप्पट. सूक्ष्म रीत: व्यासाला दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.१६ ने, गुणणे. जंबूद्वीपाचा व्यास एक लक्ष योजने आणि परीघ ३,१६,२२७ योजने व वर काही, हा आगमग्रंथांतील आकडा याच वर्गमुळातून आलेला आहे. आजचे गणित ३.१४ मानते.

आता सुईकडे यावे. स्थूल रीतीने दर फेरीला सहा टाके वाढवायला हवेत. सूक्ष्म रीतीने सहा आणि एक तृतीयांशाच्या जवळपास. एक तृतीयांश टाका कोणाला विणता येत नाही. ती तूट दोऱ्याच्या ताणात मुरून जाते, कारण विणलेले कापड धातूच्या पत्र्यासारखे ताठ नसते. महावीराचार्यांची स्थूल रीत क्रोशाला तंतोतंत पुरते. जपमाळेचे मणी मोजणाऱ्या आजींना आणखी एक गंमत सांगता येईल: हीच तबकडी अशीच वाढवत नेली तर अठराव्या फेरीत बरोबर १०८ टाके भरतात.

हे एकदा उमगले की पुढच्या साऱ्या गोष्टी आपोआप कळतात. सहाने वाढवत राहिले तर काम सपाट राहते. वाढवणे थांबवले तर कापडाला पसरायला जागा उरत नाही, ते वर वळते आणि भिंत उभी राहते. कमी करत गेले तर मिटते. आणि सहाहून पुष्कळ अधिक वाढवले तर कापड सपाटीत मावत नाही. त्याला चुण्या पडतात, ते लाटांसारखे उसळते. तळ, भिंत, कळी आणि पाकळी या चार आकारांत एवढाच फरक. १९९७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या गणिताच्या अध्यापिकेने विद्यार्थ्यांना एक विशिष्ट वक्र पृष्ठ हातात धरून दाखवता यावे म्हणून ते क्रोशाने विणले. कागदाचे नमुने फाटत होते, विणलेला टिकला. तिने एवढेच केले होते की ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवत राहिली आणि कापडाला मनसोक्त चुण्या पडू दिल्या. ज्या भूमितीला कागदावर मांडणे अवघड जाते ती आपल्या आजींच्या झालरीत आधीपासूनच होती.

शिकणारीच्या हातून जे बिघडते तेही याच हिशेबाने दुरुस्त होते. तबकडी वाटीसारखी वळू लागली तर टाके कमी पडले आहेत. कडा लाटांसारखी झाली तर जास्त झाले आहेत. उसवावे आणि मोजावे. फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवली तर मोजणी चुकत नाही. वाढीचे टाके दर फेरीत एकावर एक आले तर गोलाला सहा कोपरे फुटतात. ते नको असतील तर एका आड एक फेरीत वाढ थोडी पुढे सरकवावी. कोपरे आले तरी काही बिघडत नाही. पहिल्या कुंडीला ते चालतात.

तीस टाक्यांचा तळ झाला की भिंत. प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर साखळीसारखे दोन धागे दिसतात. सहाव्या फेरीत सुई फक्त मागच्या धाग्यात घालून तीस मुके खांब विणावेत; तळाला काठ येईल आणि कुंडी टेबलावर नीट बसेल. सातवी आणि आठवी फेरी तीसचीच, नेहमीप्रमाणे दोन्ही धाग्यांतून. नवव्या फेरीत दर नऊ टाक्यांनंतर एक वाढ घेऊन तेहतीस करावेत, कारण कुंभाराची कुंडी वर रुंद असते. दहावी, अकरावी तेहतीस. बाराव्यात दर दहा टाक्यांनंतर एक वाढ घेऊन छत्तीस, तेराव्यात छत्तीस. चौदाव्या फेरीत सुई फक्त पुढच्या धाग्यात घालावी आणि दर पाच टाक्यांनंतर एक वाढ घ्यावी. बेचाळीस टाक्यांचा काठ बाहेर झुकेल. पंधरावी फेरी बेचाळीसची. येथे दोरा कापावा. आतल्या बाजूला तेराव्या फेरीचे मागचे छत्तीस धागे मोकळे राहिलेले दिसतील. त्यांचे काम पुढे आहे.

माती म्हणजे तपकिरी दोऱ्याची तबकडी: सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस, छत्तीस. सांगण्यासारखे काही नाही.

देठासाठी एकवीस साखळ्या घालून, सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत सुरुवात करून वीस मुके खांबांच्या तीन ओळी विणाव्यात. ही पट्टी पंधरा सेंटिमीटर लांबीच्या, टोक बोथट केलेल्या बांबूच्या काडीभोवती गुंडाळून कडेने शिवावी. काडीचे खालचे टोक पाच सेंटिमीटर उघडे राहू द्यावे आणि वरच्या टोकाला जरासे बाहेर काढावे. पाने दोन. नऊ साखळ्या घालाव्यात, दुसऱ्या साखळीपासून एक मुका खांब, पाच खांब, एक मुका खांब. शेवटच्या साखळीत तीन मुके खांब घेऊन वळावे आणि दुसऱ्या बाजूने तेच उलट करत यावे. मध्ये उंच आणि टोकांना बुटके टाके आल्यामुळे पान आपणच पानासारखे होते.

फूल हा या कामाचा आनंदाचा भाग. केशरी दोऱ्याने सहा आणि बारा अशा दोन फेऱ्या. मग पिवळा दोरा जोडून एका टाक्यात पाच खांब आणि पुढच्या टाक्यात सरकता टाका, म्हणजे सुई घालून दोरा टाक्यातून आणि फासातून एकदम ओढून घेणे. असे सहा वेळा. सहा पाकळ्या होतात. त्या ताटासारख्या सपाट राहत नाहीत. एकमेकींना खेटून किंचित वर उचलल्या जातात. हिशेब पाहावा: खांब हा दोन मुक्या खांबांइतका उंच, म्हणजे बारा टाक्यांच्या भोवती सपाटीसाठी आणखी बारा, एकूण चोवीस टाके पुरेसे होते. येथे छत्तीस आले. जास्तीच्या बारा टाक्यांनी पाकळ्यांना उचलले.

चोखंदळ वाचक येथे म्हणतील की तरवडाच्या फुलाला पाकळ्या पाच असतात, सदाफुलीला पाच, जास्वंदीलाही पाच. सहा पाकळ्यांसाठी निशिगंधाकडे जावे लागेल. त्यांचे म्हणणे खरे आहे. ज्यांना पाचच हव्या असतील त्यांनी मध्याला सहाऐवजी पाच टाके घ्यावेत आणि दुसऱ्या फेरीत दहा. हिशेबाने मध्य सपाट न राहता थोडा खोलगट होईल. खऱ्या फुलाचा मध्यही खोलगटच असतो. नियम मोडला की काय होते हे माहीत असलेल्या हाताने तो मोडावा, यात शोभाच आहे.

न तोडलेले फूल ही कल्पना जैन घरांना परकी नाही. दिगंबर तेरापंथी परंपरेत अष्टद्रव्यांतील पुष्पाच्या जागी केशराने रंगवलेले तांदूळ अर्पण होतात. विणलेली कुंडी ही पूजाद्रव्य नव्हे आणि तसा तिचा दावाही नाही. ती खिडकीची, टेबलाची, फार तर रुखवताची शोभा.

हिरव्या दोऱ्याची सहा-बारा अशी आणखी एक लहान तबकडी करून ती फुलाच्या पाठीशी शिवावी. काडीचे वरचे टोक या दोहोंमध्ये अडकते आणि फूल मान टाकत नाही. कुंडीच्या तळाशी वजन हवे, नाहीतर ती पंख्याच्या वाऱ्याने कलंडते. मोरगावजवळून वाहणाऱ्या कऱ्हेच्या पात्रातला एखादा चपटा गोटा धुऊन, चिंधीत गुंडाळून ठेवला तर छान बसतो. वर भरायला कापूस वापरू नये. धुतल्यावर त्याचे गोळे होतात. शिल्लक दोऱ्याचे तुकडे किंवा बाजारात उशांसाठी मिळणारे फायबर भरावे. मातीच्या तबकडीच्या मध्यातून देठाची काडी खाली सोडावी आणि तबकडीचे छत्तीस टाके कुंडीच्या आतल्या त्या छत्तीस मोकळ्या धाग्यांशी एकास एक शिवावेत. आकडे जुळले असतील तर शिवणीत एकही चुणी येत नाही. शिवणकामात यासारखे समाधान थोडेच.

साखळ्या आणि शिवण सोडून या कुंडीत एकूण ७२७ टाके आहेत. कुंडीचे ४३५, मातीचे १२६, देठाचे ६०, दोन पानांचे ३४, फुलाचे ५४ आणि मागच्या तबकडीचे १८. मिनिटाला सहा टाके हा शिकणाऱ्या हाताचा बरा वेग धरला तर नुसत्या विणण्याला दोन तास लागतात. उसवणे, शिवणे, भरणे धरून साडेतीन. ही बेरीज येथे मुद्दाम मांडली आहे.

पुष्कळांना ठाऊक नसते की खरा क्रोशा यंत्रावर विणता येत नाही. मोजे, स्वेटर, जाळीचे पडदे यंत्रे विणतात; क्रोशासारखी दिसणारी जाळीही काढतात. परंतु फास फासातून ओढून, कोणत्याही दिशेला वळून केलेला हा टाका अजून तरी बोटांनीच घालावा लागतो. तेव्हा मोठ्या दुकानात किंवा जत्रेतल्या पालावर क्रोशाचे फूल चाळीस-पन्नास रुपयांना दिसले, तर ते कोणा यंत्राने स्वस्त केलेले नसते. कोणा बाईचे तास त्यात कवडीमोलाने गेलेले असतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी नरसापूरच्या क्रोशा विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. त्या स्त्रिया घरकाम सांभाळून दिवसाचे कित्येक तास विणत. त्यांची जाळी परदेशी जाई. पण त्यांची गणना कामगारांत नव्हे, गृहिणींत होई. त्या ‘फावल्या वेळात’ विणतात असे व्यापारी म्हणत, आणि फावल्या वेळाला मजुरी कसली, असा त्याचा अर्थ होई.

हा ‘फावला वेळ’ आपल्याकडेही आहे. रुखवतासाठी पाच कुंड्या करून दे, असे नात्यातल्या मुलीला सांगताना दोऱ्याचे पैसे विचारले जातात, वेळेचे नाहीत. नात्यात तसे विचारणे शोभतही नाही आणि तो जिव्हाळा मोडू नये. परंतु तीच मुलगी, किंवा बचत गटातली तिची शेजारीण, कुंडी विकायला ठेवते तेव्हा गिऱ्हाईक दोरा हातात चोळून म्हणते, ‘एवढ्याशा दोऱ्याचे एवढे?’ तेव्हा उत्तर तयार असले पाहिजे. समजा, तासाला साठ रुपये धरले. साडेतीन तासांचे दोनशे दहा. त्यावर दोरा, काडी, भरण. हाताला सवय झाली, वेग दुप्पट झाला, तर मजुरी एकशे पाचावर येते; त्याखाली ती येत नाही. जी मुलगी सहा-बारा-अठरा न चुकता मोजते, तिला ही मोजणी अवघड नाही. ती करायला तिला कोणी सांगितलेले नसते, एवढेच. सुप्यासारख्या गावात, जेथे दोन पावसांमधल्या महिन्यांत शेतावर काम नसते, तेथे या आकड्यावर एखादीची शाळेची फी किंवा एसटीचा पास अवलंबून असू शकतो.

विकण्यासाठी करायच्या कुंड्या एकेक पुरी करत बसू नये. आयर्लंडच्या त्या घरांप्रमाणे सुटे भाग एकदम विणावेत: एक दिवस दहा तळ, एक दिवस वीस पाने. हात एकाच लयीत राहतो, रंग बदलण्यात वेळ जात नाही. दोघी-तिघी असतील तर भाग वाटून घ्यावेत. फक्त दोरा सर्वांनी एकाच लागाचा घ्यावा. दोन लागांतला विटकरी रंग दुकानात सारखा दिसतो आणि उन्हात वेगळा पडतो. सैल विणणारीने सुई अर्ध्या क्रमांकाने लहान घ्यावी, घट्ट विणणारीने मोठी, म्हणजे एकीची माती दुसरीच्या कुंडीत बसेल.

कुंडीवर धूळ बसते, तिला इलाज नाही. आठवड्याने मऊ ब्रशने झटकावी. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत, सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढावी. पिळू नये, पंचात गुंडाळून दाबावी आणि सावलीत, काडी वर राहील अशी, वाळवावी. गडद तपकिरी दोरा पहिल्या धुण्यात रंग सोडण्याची शक्यता असते, म्हणून विणण्यापूर्वीच त्याचे एक टोक ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून पाहावे. पाकळी कोठे ओढली गेली तर सुटलेला फास कापू नये. तो सुईच्या टोकाने मागच्या बाजूला ओढून घ्यावा आणि शेजारच्या दोन टाक्यांतून फिरवून दडवावा.